केसपेपरवरचं नाव

"आधार?"
"नाही."
"रेशनकार्ड?"
"अहो, नेपाळचा आहे तो."
"मग आम्ही लिहायचं काय?"

आज सकाळी रुग्णालयाच्या खिडकीवर हे चाललं होतं. मागे बाकावर आमच्या बागेचा राखणदार, हात कोपरापर्यंत सुजलेला. गडग्याचा पडलेला चिरा उचलताना फुरसं चावलं. फुरसं म्हणजे केवढा विषारी साप ते कोकणात कुणाला सांगायला नको. रक्त गोठायचं थांबतं, आणि हे साहेब कागद मागतायत! फुरशाने बघितलं होतं का आधार?

१५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात उपचार मोफत. आहेत ना, पण खिडकीच्या पलीकडे. उद्या मोठं दुखणं निघालं तर फुले जनआरोग्य योजनेला रेशनकार्ड नाहीतर अधिवासाचा दाखला, तो हा कुठून आणणार? १९५० च्या भारत-नेपाळ करारानं त्याला इथे राहायची, कामधंदा करायची मुभा आहे. आजारी पडायची नसावी.

सर्पदंशाच्या लशीचा हिशोब दवाखान्यालाही द्यावा लागतो, मान्य. पुढे.

आतली डॉक्टर मुलगी गुणाची. कागदाची वाट न बघता काचेच्या नळीत रक्त घेतलं, वीस मिनिटं ठेवलं. गोठलं नाही, लगेच लस लावली. त्याच्या बायकोला हिंदी येत नाही. काहीही विचारलं की मान हलवते, हो की नाही कोण जाणे.

तर त्या खिडकीचंच राहिलं. शेवटी खिडकीतला माणूस वैतागून म्हणाला, "बरं, पूर्ण नाव तरी सांगा." आणि मी गप्प.

आठ वर्षं हा माणूस दसऱ्यानंतर येतो, माकडं हाकतो, आंबे उतरवायची घळ घेऊन शेंड्यापर्यंत चढतो. आम्ही त्याला बहादूर म्हणतो. त्याच्या आधी होता त्यालाही बहादूरच म्हणायचो. मी तेवढंच सांगितलं. आडनावाची जागा कोरी.

आमचे आजोबा परळला गिरणीत होते. तिथे त्यांना 'घाटी' म्हणत. समुद्राकाठच्या माणसाला घाटी! तो राग त्यांनी मरेपर्यंत धरला होता. आज दिवसभर तेच डोक्यात आहे.

संध्याकाळी पुन्हा रक्त तपासलं, गोठलं. मग त्याला नाव विचारलं. त्याने दोनदा सांगितलं, मला दोन्हीदा धड म्हणता आलं नाही, तो हसला. नागरिकतेचा कागद खोपटीतल्या ट्रंकेत आहे म्हणे. उद्या डब्याबरोबर तोही नेते, केसपेपर दुरुस्त करून घ्यायचाय.