ग्रुप घाण करू नका म्हणे!

दुपारपासून डोकं फिरलंय ते अजून जाग्यावर आलेलं नाही, म्हणून लिहितोय. लांबणार आहे. कंटाळा येणाऱ्यांनी इथूनच पुढं सरकावं, राग नाही.

आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, कोल्हापूर-सांगलीकडच्या वेब डेव्हलपरांचा. त्यात आज एका पोरीनं प्रश्न टाकला. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला वगैरे असावी. सोबत फोटो. तोही स्क्रीनशॉट नाही, मोबाईलनं मॉनिटरचा काढलेला. तिरका, काचेवर ट्यूबलाइट चमकतेय, खालचा लाल अक्षरातला एरर अर्धा कापलेला. आणि मजकूर: "सर, पोस्टमनमध्ये चालालंय पण ब्राउझरमध्ये येईना. मी सगळं करून बघितलो. कोण सांगंल काय?" (पोस्टमन म्हणजे सर्व्हरला विनंती पाठवून उत्तर तपासायचं साधन.)

पहिलं उत्तर: "मॅडम, चॅटजीपीटीचं नाव ऐकलंय का?" दुसरं: "स्क्रीनशॉट काढता येत नाही आणि फुलस्टॅक व्हायचंय." तिसरा एक आहे, स्वतःला आर्किटेक्ट म्हणवतो, त्यानं लिहिलं: "असले बेसिक प्रश्न टाकून ग्रुप घाण करू नका." त्याखाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. थोड्या वेळानं पोरगी ग्रुप सोडून गेली. कोण बाहेर पडलं याची सूचना व्हॉट्सअ‍ॅप आता फक्त अ‍ॅडमिनलाच देतं. मी त्यातला एक अ‍ॅडमिन, म्हणून मला दिसलं. हसणाऱ्यांना ती गेली याचा पत्तासुद्धा नाही.

ज्या ग्रुपवर पहाटेपासून गुलाबाच्या फुलांचे गुड मॉर्निंग पडतात, क्रिप्टोच्या लिंका पडतात, कुणाच्या तरी साडूच्या प्लॉटची जाहिरात पडते, तो ग्रुप घाण झाला कशानं, तर एका कॉर्स एररच्या प्रश्नानं! (ब्राउझरनं सर्व्हरचं उत्तर अडवलं की येतो तो हा एरर.) मी चार ओळी सुनावल्या. दोघांनी अंगठा टाकला. एकानं लिहिलं, "सर, सेंटी होऊ नका." बरं. तिथं नको, इथं होतो.

मी धंद्यात नवा होतो तेव्हाची गोष्ट. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाची साइट करत होतो. सौदे झाले की त्या दिवसाचे दर मराठीत साइटवर दिसले पाहिजेत, एवढंच काम. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात, त्या दिवशी साइट सुरू व्हायला पाहिजे होती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बघतोय तर डेटाबेसमधली सगळी मराठी गायब. 'गूळ' लिहिलंय तिथं तीन प्रश्नचिन्हं. रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, वजनं आणि दरांचे आकडे जाग्यावर, शेतकऱ्यांची नावं, गावं, प्रत, सगळी प्रश्नचिन्हं. बाहेर फटाके, पेढीवर झेंडूची माळ, दुकानाचे दिवाणजी वही बगलेत मारून माझ्या मागं उभे. "काय झालं रे पोरा?" "काय नाही काका, बघतो."

काय बघतोय, कपाळ? ओळखीचं कोण नाही, सिनियर नाही, डोंगलवर नेट येतंय-जातंय. स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर, मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. पहिल्यांदा एकानं उणे मत दिलं. दुसऱ्यानं 'आधी शोधून बघ' म्हणून झापलं. आणि मग कोण कुठला एक माणूस, फोटोच्या जागी मांजर, गावाच्या जागी काही नाही, त्यानं सविस्तर लिहिलं. तुझा टेबल लॅटिन-१ या इंग्रजीसारख्या लिप्यांपुरत्या अक्षरसंचात आहे, त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून तुझा डेटाबेस मायएसक्यूएल प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतंय. टेबल यूटीएफ-८ कर, त्यात सगळ्या लिप्या बसतात, आणि साइटचा कोड ज्या भाषेत आहे त्या पीएचपीकडून जोडणी होते तिथंही तेच सांग. आणि शेवटी एक ओळ: जे प्रश्नचिन्ह होऊन बसलंय ते परत येणार नाही, त्याच्यामागं वेळ घालवू नकोस, पुन्हा भर.

ती शेवटची ओळ नसती तर मी अख्खी रात्र ती प्रश्नचिन्हं परत मराठी करण्यात घालवली असती. दिवाणजींनी चष्मा पुसला, वही उघडली आणि वाचायला बसले. नाव, गाव, रवे, प्रत, दर. मी टाइप करतोय. मध्ये त्यांनी घरून चिवडा आणि करंज्या मागवल्या. पाडव्याला साइट सुरू झाली.

आता हे आजचे हसणारे. तुम्ही काय आईच्या पोटातून डॉकर शिकून आलात? तुम्हा सगळ्यांना मी ओळखतो. राजारामपुरीच्या क्लासमध्ये ॲरे आणि ऑब्जेक्टमध्ये गोंधळलेले बघितलंय. तुमच्या प्रत्येकाच्या मागं एक मांजरवाला आहे, नाव माहीत नसलेला, पैसे न घेतलेला. त्याच्या उत्तरावर नोकरी लागली, फ्लॅट झाला, पुण्यात दुसरा फ्लॅट झाला, आणि आता खालच्या पायरीवरच्या पोरीला म्हणताय घाण करू नको!

तालमीत नवं पोरगं आलं आणि लंगोट चुकीचा बांधला तर वस्ताद त्याला हाकलून देतो काय? बांधून दाखवतो, वर दोन शिव्या देतो. शिव्या चालतात हो. हाकलणं चालत नाही. आणि कुठल्या गावात हे चाललंय? इथल्या राजानं १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आता म्हणाल, लगेच शाहू महाराजांना मध्ये आणलं. आणणार. जयंतीला डीपी बदलताना तुम्हीही आणताच की.

जरा पाणी पिऊन आलो.

आपला धंदाच मुळात उघड्यावर वाढलेला आहे. ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं वर्ल्ड वाइड वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळं सोडलं. पैसे नाहीत, परवाना नाही, घ्या आणि वापरा. आमच्या पिढीनं एचटीएमएल शिकलं ते राइट क्लिक करून, 'व्ह्यू सोर्स' उघडून, दुसऱ्याच्या घरात डोकावून. कोण बोलायचं नाही. १९९५ ची पीएचपी, २००३ चं वर्डप्रेस, २००६ ची जेक्वेरी, सगळं फुकट आणि उघडं मिळालं म्हणून तर माझ्यासारखा कॉमर्सचा पोरगा या धंद्यात घुसला. पीएचपी मेली असं दरवर्षी कोण ना कोण सांगतं. मेलं कोण? २०२० च्या शेवटी फ्लॅश गेलं, २०२२ च्या जूनमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर गेला. पीएचपीवर माझं घर अजून चाललंय. अँग्युलर नावाची वेबची चौकट शिकेपर्यंत २०१६ ला त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून लिहून काढलं, तेव्हा मात्र मी शिव्या घातल्या होत्या. ते असो.

एआयचं म्हणाल तर मी रोज वापरतो. खोटं कशाला बोलू. रात्री दोनला विचारलं तरी उत्तर देतं, मराठीत विचारलं तरी देतं, आणि 'एवढंही येत नाही का' असं म्हणत नाही. हे शेवटचं फार मोठं आहे, मान्य. त्या पोरीनं सरळ तिथंच विचारलं असतं तर आज तिचा पाणउतारा झाला नसता, हेही मान्य.

पण मग बघा ना, कुणामुळं ती तिकडं जाणार? आपल्यामुळं. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि स्टॅक ओव्हरफ्लोवरचे प्रश्न धडाधड आटले, तेव्हा सगळ्यांनी मशीनच्या नावानं बोटं मोडली. आणि त्याच्या आधी काय होतं? २०१८ मध्ये त्या साइटनं स्वतःच जाहीर लिहिलं होतं की नवख्यांना, बायकांना इथं परकं वाटतं, हे बदलायला पाहिजे. म्हणजे माणसं आधीच दारातून परत जात होती. मशीननं नुसतं दुसरं दार उघडलं. मलाही तिथं आधी उणे मतच मिळालं होतं. मांजरवाला नंतर आला. तो आला नसता तर पुन्हा त्या साइटवर पाय ठेवला असता का, देव जाणे.

आणि जे एकट्यानं विचारलं ते एकट्यापाशीच राहतं, ही माझी खरी पोटदुखी आहे. माझ्या त्या लॅटिन-१ च्या उत्तराखाली पुढं कितीतरी लोकांनी आभार लिहिले. कोण बांगला भाषेत अडकलेला, कोण तमिळमध्ये. मायएसक्यूएलनं २०१८ मध्ये आठव्या आवृत्तीत ही भानगड मुळातून मिटवली, तोपर्यंत माणसं त्या पानावर येत होती. दिवाणजींच्या वहीतल्या गुळापायी टाकलेला प्रश्न ढाक्यातल्या माणसाच्या उपयोगी पडला! मशीनच्या खिडकीत विचारला असता तर खिडकी मिटली की विषय संपला. परत त्या मशीनला हे कळलं कुठनं? मांजरवाल्यासारख्यांनी फुकट लिहून ठेवलं होतं तिथनंच. २०२४ च्या मे महिन्यात स्टॅक ओव्हरफ्लोनं चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयशी करार केला, तेव्हा काही जुन्या लोकांनी रागानं आपली उत्तरं खोडायला घेतली. साइटनं त्यांचीच खाती थांबवली. माझी सहानुभूती कुणाकडं हे तुम्हाला सांगायला नको.

"मग कोल्हापुरात राहून तुझं काय झालं?" हा प्रश्न लग्नाकार्यात अजून येतो. पुण्याला का गेला नाहीस? बाबांनो, प्रभात फिल्म कंपनीसुद्धा १९२९ ला इथं निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. जायची परंपरा मोठी आहे, मी ती पाळली नाही एवढंच. पुण्यात पैसा जास्त आहे, मान्य, पुढचं वाक्य नको. पण ती प्रभात काढणारे दामले, फत्तेलाल, शांताराम तयार कुठं झाले? इथंच, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली. हे गाव माणसं तयार करून पाठवणारं आहे. तयार करणं म्हणजे ग्रुपवर येऊन "गूगल कर" म्हणणं नव्हे. शेंडा पार्कात आयटी पार्क होणार म्हणून आपण सगळे पोस्टी टाकतो, मीही टाकतो. व्हावाच. पण उद्या इमारत उभी राहिली आणि आत बसणारे हेच असले तर नव्या पोरांनी तिथं जायचं कशाला? एसी खायला?

परत चिडलो बघा.

तिच्या एररचं उत्तर इथंच देतो, तिच्या ओळखीचं कोण वाचत असेल तर पुढं पाठवा. ताई, तुझं पान ५५०० पोर्टवर चाललंय आणि एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या चौकटीत लिहिलेला सर्व्हर ३००० वर. मशीन एकच असलं तरी पोर्ट वेगळा म्हणजे ब्राउझरच्या लेखी पत्ता वेगळा. सर्व्हर उत्तर देतोय, ब्राउझर ते तुझ्या कोडच्या हातात देत नाही, कारण सर्व्हरनं 'या पत्त्याला चालेल' असं हेडरमधून सांगितलेलं नाही. पोस्टमन ब्राउझर नाही, त्याला या कशाशी देणंघेणं नाही, म्हणून तिथं चालतंय. एक्सप्रेससाठी कॉर्स नावाचंच पॅकेज मिळतं. ते घे, राउटच्या वर एका ओळीत जोड, सर्व्हर बंद करून परत चालू कर. आणि साइट लाईव्ह टाकताना सगळ्यांना मोकळं सोडू नको, फक्त आपल्या डोमेनचं नाव घाल. तुझं काही चुकलेलं नव्हतं, यात सगळेच अडकतात. ग्रुपवरचा आर्किटेक्टसुद्धा अडकला होता, त्या रात्री फोन मलाच आला होता.

बघा, किती वेळ लागला लिहायला? चहा गार व्हायच्या आत झालं.

पोरं मेसेज करून विचारतात, दादा, आता वेब शिकण्यात राम आहे काय? कामं कमी झालीत, नवख्यांना तर फारच. साधी पाच पानी साइट आता कुणीही मशीनकडून काढून घेतं. पण शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला नेमकं काय पाहिजे हे त्याच्यासमोर बसून, दोन चहा पिऊन काढून घ्यावं लागतं, कारण त्याचं त्यालाच माहीत नसतं. ते काम आहे आणि राहील असं मला वाटतं. वाटतं म्हणतोय, लिहून देत नाही.

बास. बोटं दुखायला लागली. ज्यांना लागलं असेल त्यांनी खाली कमेंटीत यावं, मागून ग्रुपवर कुजबुज करू नये. उत्तर उद्या संध्याकाळी देईन. सकाळी लक्ष्मीपुरीत एका क्लायंटकडं जायचंय. त्यांच्या साइटचं डोमेन भाच्याच्या नावावर आहे, भाचा कॅनडात, मुदत या आठवड्यात संपतेय, आणि मामा-भाच्यात बोलणं बंद आहे.