स्मरणशक्ती घटवण्याचे घरगुती उपाय

बदाम, ब्राह्मी, शंखपुष्पी जे काय मुलांना परीक्षेच्या आधी द्यायचं ते खुशाल द्या, पण स्वतः चुकूनही घेऊ नका. मोदींच्या भारतात रात्री शांत झोप हवी असेल तर तल्लख स्मरणशक्ती परवडणारी नाही. साधारण मागच्या भाषणापर्यंतचं आठवलं तरी पुष्कळ झालं. त्याच्या मागचं जे जे आठवतं, ते टप्प्याटप्प्यानं काढून टाकायचं आहे.

सुरुवात नोटबंदीपासून करा, कारण ही आठवण सगळ्यात चिवट आहे. 8 नोव्हेंबर 2016, रात्री आठ वाजता 500 आणि 1000 च्या नोटा बाद झाल्या. त्या रात्री शत्रू तीन होते: काळा पैसा, बनावट नोटा आणि दहशतवाद. कॅशलेसचं नाव त्या भाषणात नव्हतं, ते नंतरच्या आठवड्यांत आलं. तेव्हा कुणी हेतू विचारला तर 'कॅशलेस' म्हणा आणि यूपीआयचा क्यूआर कोड दाखवा. बँकेच्या दारात बोटाला लावलेली शाई आता पुसली गेली आहे, तशी ती रांगही पुसा. घरात लग्न होतं आणि स्वतःच्याच खात्यातले अडीच लाख काढायला पत्रिका आणि पावत्या घेऊन मॅनेजरपुढे उभं राहावं लागलं, हे तर लग्नाच्या अल्बममधूनही वगळा. रिझर्व्ह बँकेनं 2018 साली सांगितलं की बाद नोटांपैकी 99.3 टक्के परत आल्या. म्हणजे काळा पैसाही आपल्यासोबत रांगेत उभा होता, आणि शाई लावूनही ओळखू आला नाही. इथे खंत करू नका. सगळा पैसा बँकेत आला हेच यश होतं, असं म्हणायचं असतं.

गुलाबी दोन हजारची नोट आठवते का? काही वाहिन्यांनी तिच्यात चिप बसवली होती, जमिनीत पुरली तरी उपग्रहाला सापडणारी. ती नोटही मे 2023 मध्ये चलनातून मागे घेतली गेली. त्या निवेदकांची नावं आठवत असतील तर तुमची केस जरा अवघड आहे, डोस वाढवावा लागेल.

24 मार्च 2020. पुन्हा रात्रीचे आठ. देश बंद करायला चार तास दिले. याच्या दोनच दिवस आधी आपण गॅलरीत थाळ्या वाजवल्या होत्या, ती आठवण ठेवायला हरकत नाही, व्हिडिओही जपून ठेवा. विसरायचं ते करमाड. जालन्याहून रुळांच्या कडेनं गावी निघालेले मजूर थकून रुळांवरच झोपले आणि 8 मेच्या पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. त्यांच्या पोळ्या खडीवर पसरल्या होत्या. हा फोटो विसरायला अनेकांना फार जड जातं, पण सरकारनं मदत केली आहे. स्थलांतरित मजूर किती दगावले याची आकडेवारीच नाही, असं सप्टेंबर 2020 मध्ये संसदेला लेखी कळवलं गेलं. जिथे सरकारला आठवत नाही, तिथे आपण कोण?

शेतकरी असाल तर मेहनत जास्त लागेल. 2022 पर्यंत उत्पन्न दुप्पट होणार होतं, ते साल सरळ गाळा आणि 2021 नंतर 2023 मोजा. तरी लासलगावचा माणूस हट्टी असतो. कांद्यावर ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात निर्यातबंदीच, आणि एप्रिल 2024 मध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची खास वाट. लाल आणि पांढऱ्यातला हा फरक चवीचा मानावा, राज्याचा नाही. कांद्याच्या पट्ट्यातल्या दिंडोरीच्या मतदारांना 2024 च्या लोकसभेला हा उपचार लागू पडला नाही आणि विद्यमान केंद्रीय मंत्री पडल्या. अपवाद असतातच.

रुपयाबद्दल फार बोलत नाही. मे 2014 मध्ये डॉलर साठच्या आत होता आणि तेव्हा ती देशाची बेअब्रू होती. 2024 संपताना पंच्याऐंशीच्या वर गेला, त्याला जागतिक परिस्थिती म्हणतात.

परराष्ट्र धोरण त्या मानानं सोपं, कारण तिथे फोटो चांगले येतात. साबरमतीच्या काठावर शी जिनपिंग यांच्यासोबतचा 2014 चा झोपाळा पाहा, त्याच दिवसांत लडाखमधल्या चुमारला त्यांचे सैनिक आत आले होते ते पाहू नका. 1962 मात्र तोंडपाठ हवं. नेहरू कुठे चुकले हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. गलवानमध्ये वीस जवान शहीद झाले ते साल 2020, आणि त्यानंतर चारच दिवसांनी आपल्या हद्दीत कुणी आलेलंच नाही असं सर्वपक्षीय बैठकीत सांगितलं गेलं. मग जवान नेमके कुठे आणि कुणाशी लढले, हा प्रश्न डोक्यात आलाच तर मोबाईलमधलं एखादं चिनी अॅप काढून टाका. बरं वाटतं. 2023-24 मध्ये चीनकडून शंभर अब्ज डॉलरपेक्षा जास्तीची आयात झाली, पण ती अॅपमधून झालेली नाही.

ट्रम्प यांच्याबाबतीत पथ्य कडक आहे. ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये मोदींच्या तोंडून 'अब की बार ट्रम्प सरकार' ऐकलं असेल, तर तो प्रचार नव्हता, ट्रम्प यांच्याच जुन्या घोषणेचा नुसता उल्लेख होता, असा परराष्ट्रमंत्र्यांचा खुलासा आहे. तो खुलासा तेवढा लक्षात ठेवा. अहमदाबादच्या मोटेरा स्टेडियममधली ट्रम्प यांच्या स्वागताची गर्दीही ठेवा. फेब्रुवारी 2025 मध्ये बेड्या घातलेले भारतीय घेऊन अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, ते सोडा. मे महिन्यात पाकिस्तानशी शस्त्रसंधी झाल्याचं आपल्याला आधी त्यांच्या पोस्टवरून कळलं, तेही सोडा. ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचं अमेरिकेचं आयात शुल्क 50 टक्क्यांवर गेलं. सुरतेच्या हिरेवाल्यांना आणि तिरुपूरच्या कापडवाल्यांना हे विसरणं जमत नाहीये असं कळतं. त्यांनी मैत्रीकडे व्यापारी नजरेनं पाहिलं, दुसरं काय.

एवढं करूनही काही आठवत राहिलं, तर जनगणनेची वाट पाहा. 2021 ची राहिलीच, आता 2027 ची होणार आहे. मोजणीदार दारात आला की विचारेल तेवढीच उत्तरं द्या, पाणी द्या, आणि मधली सहा वर्षं तो कुठे होता हे विचारू नका. त्या बिचाऱ्यालाही पुढच्या घरी जायचं असतं.