किलीमांजारो पाच दिवसांत? कृपा करून नको

आज दुपारी एका ट्रेक ग्रुपवर जाहिरात आली: ‘५ दिवसांत किलीमांजारो! कळसूबाई केलीत ना, मग हेही जमेल.’ वाचून डोकंच फिरलं.

कळसूबाईचा माथा १६४६ मीटर. किलीमांजारोच्या मारांगू वाटेचं प्रवेशद्वारच त्याच्या वर आहे, १८०० मीटरच्याही पुढे! आणि तिथून पहिला मुक्काम मंदारा, साधारण २७०० मीटर. दुसरा होरोंबो, ३७००. तिसऱ्या दिवशी थेट किबो, ४७००. तिथे धड डोळा लागत नाही तोच रात्री अकरा-बाराला उठवून ५८९५ मीटरच्या उहुरू शिखराकडे काढतात. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हे डोंगरात फिरणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. इथे रोज हजार!

ओळखीतला एक मुलगा असाच गेला होता. सह्याद्रीत गड पळत चढणारा. होरोंबोला सगळ्यांच्या आधी पोचला, कौतुकही झालं. किबोला मात्र उलट्या, डोकं ठणकतंय, आणि बुटाची नाडी बांधायला बोटं ऐकेनात. गाइडने रात्रीच त्याला खाली उतरवलं, म्हणून निभावलं. नाडी बांधता न येणं, सरळ रेषेत चालता न येणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते. बसल्या जागी धाप लागली तर फुफ्फुसात पाणी होत असेल. दोन्हींवर पहिला उपाय एकच, खाली उतरणं. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायचं नाही.

त्या मुलाचा दम कमी नव्हता हो! विरळ हवेची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात, आणि जोर-बैठका काढून ते दिवस कमी होत नाहीत. उंचीचा त्रास टाळायच्या डायमॉक्स गोळीने थोडी मदत होते, पण ती डॉक्टरांना विचारून घ्यायची, आणि सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर आधी सांगायचं. गोळी घेतली म्हणून घाई करायची मुभा मिळत नाही.

मारांगूनेच जायचं असेल तर होरोंबोला दोन रात्री काढा. मधल्या दिवशी झेब्रा रॉक्सपर्यंत चढून परत या. त्याहून बरी म्हणजे माचामे ही दुसरी, सात दिवसांची वाट: दुपारी ४६०० मीटरच्या लाव्हा टॉवरला जाऊन झोपायला ३९००च्या आसपास, बारांकोला उतरता.

हो, दिवस वाढला की पार्कची फी वाढते, रजाही वाढते. पाच दिवसांत वर पोचणारेही असतात. असोत.

शिखराच्या रात्री पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, म्हणून बाटली न्या. मोज्यात घालून उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. विवराच्या काठावरच्या गिलमन्स पॉइंटला पोचलात की संपलं असं वाटतं, पण उहुरू तिथून अजून दीडएक तास. आणि परतीचे पाय शिल्लक ठेवा रे पोरांनो.

पैसे भरण्याआधी एजंटकडून प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची लिहून घ्या. टाळाटाळ केली तर दुसरा बघा.