कोनाच्या उरावर बसला?

आज डोकं फिरलंय, आधीच सांगून ठेवतो. ज्यांना नुसते गुड मॉर्निंगचे फोटो पाहायचेत त्यांनी पुढं सरका.

सकाळी मामांच्या गावाला गेलो होतो. शेताच्या वरच्या अंगाला, टेकाडावर, एक शिळावर्तुळ, म्हणजे धोंड्यांचं गोल कडं, होतं. होतं. आता तिथं मुरमाचा खड्डा आहे. त्यातले सहा-सात धोंडे बाजूच्या फार्महाऊसच्या फाटकाशी ओळीनं उभे, पांढरा ऑइलपेंट मारून. वर कुंड्या!

लहानपणी त्यातल्याच एका धोंड्यावर बसून मी बोरं खात होतो. मामा वखर सोडून धावत आले. "ऊठ बे तिथून! कोनाच्या उरावर बसला ठाऊक हाय का?" मामा चौथी शिकलेले. महापाषाणयुग, म्हणजे मोठाले धोंडे रचून माणसं पुरायचा काळ, हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नसेल. पण खाली कोणीतरी निजलंय, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि आपण? शिकलेसवरलेले नागपूरकर स्टोनहेंजच्या फोटोवर बदाम टाकतो आणि काटोल रोडवरच्या जुनापाणीला कधी उतरत नाही. सुमारे ३०० वर्तुळं आहेत तिथं. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची दफनं. मोठमोठ्या धोंड्यांचं कडं आणि आत दगडमातीचा फुगवटा, बस. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ मध्येच त्यावर लिहून ठेवलंय. पलीकडं माहुरझरीला तर माणसांसोबत घोडे पुरलेले सापडले, तोंडावर तांब्याच्या साजासकट. घोड्याला साज चढवून निरोप देणारे लोक होते हो ते! आणि आपण त्यांच्या उशाचा दगड कुंडीखाली घालतो.

कायदा आहे म्हणे. आहे ना. केंद्राच्या यादीतलं स्मारक असेल तर १०० मीटरपर्यंत बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी हवी. मामांच्या शेतातलं वर्तुळ कुठल्याच यादीत नव्हतं. त्याला राखणारा एकच, वखर वळवून नेणारा माणूस. तो गेला, जेसीबी आला.

हो, मान्य. वखराच्या चार तासांएवढी जमीन पडीक ठेवायची आणि बदल्यात छदाम मिळत नाही, हे शेतकऱ्यानं काहून सोसावं? आणि रस्त्याला मुरूम लागतोच, मीही त्याच रस्त्यानं गाडी नेली. झालं समाधान?

पण गड-किल्ल्यांवर प्लास्टिक दिसलं की पेटून उठणारी आपली पोट्टी इथं गप्प का? बुरूज नाही, तोफ नाही, राजाचं नाव नाही, सेल्फीत नुसते गोटे दिसतात म्हणून?

फाटकावरच्या माणसाशी भांडायला गेलो होतो. तो बिचारा साधा निघाला. म्हणाला, "साहेब, पडलेच होते, आम्ही कामाला लावले." मी तोंड उघडलं आणि मिटलं.

कारण मामांच्या विहिरीवर धुण्याचा एक दगड होता. त्यावर वाटीसारखे खोलगे, ओळीनं कोरलेले. पावसात त्यात पाणी साचायचं, चिमण्या प्यायच्या. जुनापाणीच्या धोंड्यांवर अगदी तसेच खोलगे पाहिले तेव्हा मी चाळिशीत होतो.

आज विहिरीवर जाऊन पाहिलं. दगड तिथंच आहे. उचलून परत टेकाडावर ठेवावा, तर कड्यात त्याची जागा कोणती होती, ते सांगणारं कोणी उरलं नाही, आणि कडंही नाही.

मामी त्यावर रोज धुणं आपटायची. मामा कधी काही बोलले नाहीत तिला.