न दिसणारी गळती

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेलाचा डाग दिसला की सेक्रेटरी काका सरळ माझी बेल वाजवतात. आजवर एकही डाग माझ्या गाडीचा निघालेला नाही, पण संशयाला गाडीचं वय पुरतं. बाकीच्यांच्या गाड्या कर्जाच्या, माझी वारशाची. बाबांनी १९८९ साली घेतलेली प्रीमियर ११८ एनई. अंग फियाट १२४ चं, इंजिन निसानचं आणि स्वभाव थेट बाबांचा. थंडीत चोक ओढल्याशिवाय तोंड उघडत नाही.

तर चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना ही गाडी थांबेना. म्हणजे थांबली, पण मी पेडलवर जवळजवळ उभा राहिल्यावर. शेजारी बसलेली बायको काही बोलली नाही. तिनेही आपल्या बाजूला पाय रोवून ब्रेक मारला होता.

घरी येऊन बॉनेट उघडलं, तर ब्रेक ऑइलची डबी बोटभर रिकामी. म्हणजे गळती. चारही चाकांच्या आत बॅटरी मारून पाहिली, पाइपांवरून बोट फिरवलं, रात्री गाडीखाली रद्दीचे पेपर अंथरले. सकाळी पेपर इतके कोरडे की शब्दकोडं सोडवता आलं असतं. चार दिवसांत डबी आणखी खाली, पेपर तसेच. आपली गाडी गळत नाही म्हणून हळहळणारा माणूस पुण्यात मी एकटाच असेन.

सल्ले मात्र भरपूर गळले. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "थोडं इंजिन ऑइल घाल, चालतं." चालत नाही. त्याने ब्रेकमधली सगळी रबरं फुगून बसतात. आजोबांना मी "बघतो" म्हणालो.

शेवटी मेकॅनिक चाचांना फोन केला. बाबांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हातात. "हलवू नका, मीच येतो," म्हणाले आणि स्कूटरवर आले. आल्या आल्या मला आत बसवलं. "इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा मारा. आता दाबून धरा. मारा स्टार्टर." इंजिन सुरू झाल्यावर पेडल पायाखाली जरासं बसायला हवं होतं. ते हललं नाही. उलट डॅशबोर्डखालून सूंऽऽ असा आवाज आला.

"पडदा फाटलाय," चाचा म्हणाले.

मग त्यांनी बूस्टरची, म्हणजे ब्रेक हलका करणाऱ्या डब्याची, इंजिनाकडे जाणारी नळी उपसली, हुंगली आणि अत्तर दाखवावं तशी माझ्या नाकापुढे धरली. तारेला चिंधी गुंडाळून भोकातून आत सोडली. चिंधी ओलीचिंब बाहेर आली. "हे घ्या तुमचं ऑइल."

प्रकरण असं होतं. बूस्टरच्या आत रबरी पडदा. त्याच्या पुढची हवा इंजिन ओढून घेतं. पेडल दाबलं की मागून बाहेरची हवा शिरते आणि ती आपल्यासाठी जोर लावते. या डब्याला पुढून मास्टर सिलेंडर चिकटलेला, ऑइल चाकांच्या ब्रेककडे ढकलणारा. त्याचं मागचं सील वयोमानाने गेलं, ऑइल बूस्टरमध्ये झिरपलं, पडद्याचं रबर त्याने खाल्लं आणि उरलेलं नळीवाटे इंजिनाने पिऊन टाकलं. जमिनीवर थेंब पडणार कुठून?

"सकाळी पांढरा धूर येतो?" चाचांनी विचारलं.

येत होता. मी तो थंडीचा समजून कौतुकाने बघायचो.

नाना पेठेत पहिल्या दुकानदाराने गाडीचं नाव पुरतं ऐकायच्या आत "नाही" म्हटलं. दुसऱ्याने "अजून चालते?" असं विचारलं, मग "नाही" म्हटलं. हा जरा हळवा असावा. मास्टरचं किट तिसरीकडे मिळालं आणि बूस्टर चाचांनी कुठूनसा नवा पडदा बसवून आणला.

राहिली ब्रेकच्या पाइपांत शिरलेली एअर, चाकापाशच्या निपलमधून काढायची. आत बायको, चाकापाशी चाचा, बाटली धरून मी.

"मारा वहिनी, मारा. दाबून धरा. सोडू नका!"

"कशाला सोडते? वीस वर्षं धरूनच बसलेय," आतून उत्तर आलं.

मी हसलो, तेवढ्यात निपलवरची नळी निसटली आणि ऑइलची चूळ काकांनी गेल्याच आठवड्यात ऑइलपेंटने रंगवून घेतलेल्या पार्किंगच्या आकड्यावर पडली. ब्रेक ऑइल रंगाला सोडत नाही. मी बादली आणेपर्यंत आठाचा शून्य व्हायला सुरुवात झाली होती.

संध्याकाळी बेल वाजली. दार उघडायच्या आधीच मी म्हणालो, "हो काका, माझंच."