दोन कॉलमात बसतो म्हणून

मी आठ वर्षं एका मराठी दैनिकात आंतरराष्ट्रीय पान बघत होते. रात्री एजन्सीच्या बातम्या यायच्या, त्या मराठीत करायच्या, मथळा द्यायचा, पान सोडायचं. त्या काळात एक शब्द मी इतक्या वेळा छापलाय की आज तो कुठे दिसला की मला अपराधी वाटतं. लोंढे. 'युरोपात निर्वासितांचे लोंढे'. 'लोंढे रोखण्यासाठी हंगेरीचे कुंपण'.

मनात विष होतं म्हणून तो वापरला असं नाही. शब्द दोन अक्षरी आहे, दोन कॉलमी मथळ्यात बसतो. 'स्थलांतरित' घातला की ओळ फुटायची. रात्री साडेबाराला, पान सोडायला दहा मिनिटं उरलेली असताना, कोण वाद घालणार? पण लोंढा पुराचा असतो. तो अडवायचा असतो, त्याला बांध घालायचा असतो. लोंढ्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, तू कुठून निघालास आणि का निघालास? यूपी-बिहारहून मुंबईत येणाऱ्यांसाठी हाच शब्द आम्ही शहराच्या पानावर वर्षानुवर्षं वापरला.

असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने २०१३ मध्ये 'इलीगल इमिग्रंट' हा शब्दप्रयोग बंद केला. कृती बेकायदा असते, माणूस नसतो, ही त्यामागची भूमिका. आमच्याकडे मात्र बातमी मराठीत येईपर्यंत त्याच माणसाचा 'घुसखोर' झालेला असायचा. मीच केलेला. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात सरळ लिहिलंय की जिवाच्या धोक्यातून थेट पळून आलेला माणूस विनापरवाना देशात शिरला आणि लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर झाला, तर त्या शिरण्याबद्दल त्याला शिक्षा करू नये. भारताने या करारावर सही केलेली नाही, पण ज्या युरोपच्या बातम्या मी करत होते त्या देशांनी केली होती. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं ते नोकरी सोडल्यावर.

आणि शब्द बदलून फोटो दिला की प्रश्न सुटतो, असंही नाही. १४ जून २०२३ ला ग्रीसच्या पायलॉसजवळ एक मासेमारी बोट बुडाली. लिबियातल्या तोब्रुकहून निघालेली, अंदाजे साडेसातशे माणसं. वाचले १०४, मृतदेह मिळाले ८२. वाचलेल्यांत एकही बाई नव्हती, कारण बायका-मुलं खालच्या भागात होती. तटरक्षक दलाने वरून काढलेला फोटो सगळीकडे आला: गच्च भरलेला डेक, नुसती डोकी. चारच दिवसांनी टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेली टायटन पाणबुडी हरवली. आत पाच जण. त्या पाचांची नावं, वयं, घरदार, किती तासांचा ऑक्सिजन उरलाय, सगळं मला तोंडपाठ झालं होतं. त्यांच्याबद्दल वाईट वाटायलाच हवं. पण पायलॉसच्या बोटीतलं एकही नाव मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी तर बातम्यांतच मुरलेली.

मग फेब्रुवारी २०२५. अमेरिकेचं लष्करी विमान तिथे विनापरवाना गेलेल्या १०४ भारतीयांना परत घेऊन अमृतसरला उतरलं, हातात बेड्या, पायांत साखळ्या. त्यांत तिघं महाराष्ट्रातले होते. त्या दिवशी मी जेवढी मराठी चॅनेल पाहिली, त्यांत कुणी 'घुसखोर' म्हटलं नाही. 'आपले लोक' म्हणाले. एजंटला किती लाख दिले, जमीन कशी विकली, कुठल्या जंगलातून चालले, आई काय म्हणाली, सगळं विचारलं. फार चांगली पत्रकारिता होती ती. म्हणजे आपल्याला येतं हे. मग म्यानमारमधून पळालेल्या रोहिंग्या बाईची बातमी करताना तेच प्रश्न आपल्याला का सुचत नाहीत? तिची बातमी पोलिसांच्या प्रेसनोटवरच का संपते?

एक गोष्ट दहा वर्षं मनात आहे. २ सप्टेंबर २०१५ ची रात्र. तुर्कस्तानातल्या बोद्रुमच्या किनाऱ्यावर पालथा पडलेला तो बुडालेला निर्वासित मुलगा, लाल टी-शर्ट, निळी चड्डी, बुटांचे तळवे आपल्याकडे. फोटो स्क्रीनवर आला तेव्हा डेस्कवर कुणी बोललं नाही. फोटोओळ मी लिहिली, डोळे पुसत लिहिली. आणि त्याच पानावर खाली, त्याच रात्री, मीच दिलेला मथळा होता 'लोंढे'वाला. दोन्ही एकाच पानावर आहेत हे मला सकाळी अंक हातात घेतल्यावर दिसलं.

फोटोओळीत मी 'आयलान कुर्दी' लिहिलं. जगभर तेच छापून आलं होतं. पुढे कळलं, नाव अलान होतं, आयलान हे तुर्कस्तानात झालेलं रूप. कुर्दीही घरचं आडनाव नव्हे, कुर्द म्हणून तिथे चिकटलेली ओळख. आडनाव शेनू. आमच्या पानावर दुरुस्ती कधीच आली नाही, मीही टाकली नाही.

ती आज टाकते आहे. अलान शेनू. मोठा भाऊ गालिब. आई रेहाना. गाव कोबानी, सीरिया. तिघंही एकाच रात्री बुडाले.