टोमॅटो उलटा टांगू नका, आणि एप्सम सॉल्ट तर मुळीच घालू नका

"टोमॅटोचं कुठलंही रोप टांगत्या कुंडीत उलटं लावा, अन्न आपोआप फळांकडे उतरतं. तळाशी खडी घाला. रोज पेलाभर पाणी. बगलफुटी (पानाच्या बेचक्यातून निघणारे कोंब) दिसल्या की खुडा. दर आठवड्याला चमचाभर एप्सम सॉल्ट, म्हणजे फळाचं बूड काळं पडत नाही." हा मेसेज परवा मावशीने पाठवला. तोवर तिचं मीठ घालूनही झालं होतं, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी मिठाचंच घेऊ, कारण खरं नुकसान तिथे आहे. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. बूड काळं पडतं ते वाढत्या फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडल्यामुळे. देठाच्या विरुद्ध बाजूला आधी पाणचट डाग येतो, मग तिथली साल काळपट, चपटी आणि चामड्यासारखी होते. हा रोग नव्हेच, त्यामुळे फवारणीने जात नाही. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, पण ते फळापर्यंत पोचत नाही. मुळांतून वर चढणाऱ्या पाण्याबरोबरच ते जातं आणि ते पाणी ओढतात मुख्यतः पानं. फळाच्या वाट्याला एरवीही थोडंच येतं. कुंडी दुपारी कोरडी पडली की तेही थांबतं. त्यात मॅग्नेशियमचा मारा केला, तर ते मुळांशी कॅल्शियमच्या आड येतं. म्हणजे ज्यावर उपाय म्हणून घालायचं, तेच वाढायचं! वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या उद्यानतज्ज्ञ लिंडा चॉकर-स्कॉट यांनी हे दावे तपासून सविस्तर लिहिलं आहे. मातीत मॅग्नेशियमची खरोखर कमतरता नसेल, तर ते घालू नये, हे त्यांचं म्हणणं. एवढं मान्य करावं लागेल की जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर तिथे हे मीठ उपयोगी पडू शकतं. बुडाशी त्याचा संबंध नाही.

उलट्या रोपाचं म्हणाल, तर खोडाला वर-खाली कळतं. ब्रिटिश वनस्पतीशास्त्रज्ञ थॉमस नाइट यांनी १८०६ मध्येच फिरत्या चाकावर बिया रुजवून दाखवलं होतं की मुळं बाहेरच्या दिशेला जातात आणि कोंब मध्याकडे वळतात, म्हणजे ओढ जिकडे तिकडे मुळं आणि त्याच्या उलट कोंब. उलटं टांगलेलं रोप काही दिवसांत आकड्यासारखं वळून शेंडा वर काढतं. पुढे फळांचं वजन आलं की त्याच वळणावर ताण पडतो. भोकातून ठिबकणारं पाणी पानांवर पडतं आणि करपा पसरायला ओलसर पानं पुरतात. अन्न गुरुत्वाकर्षणाने उतरतं, हे तर साफ चूक.

"कुठलंही रोप" हेही नाही चालत. वेलीसारख्या उंच वाढत राहणाऱ्या जातीला ३० सेंटीमीटरची कुंडी पुरत नाही. टम्बलिंग टॉम किंवा टम्बलर यांसारख्या लोंबत्या, झुडपी जाती घ्या. अशा कुंडीत एकच रोप. त्यांच्या बगलफुटी खुडायच्या नाहीत, कारण फळं त्या फांद्यांवरच लागतात. मेसेजमुळे पीक हातचं जातं ते इथे.

खडीने निचरा सुधारत नाही. पाणी खडीच्या वर, मातीच्या थरात अडून राहतं आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकं मोकळी ठेवा, बस्स.

पेलाभर पाण्याने फक्त वरचा थर भिजतो. तळातून ठिबकेपर्यंत घाला. कडक उन्हात सकाळ-संध्याकाळ लागेल. कुंडी खालून हाताने उचलून बघा, हलकी लागली की पाणी हवं. कुंडीतली माती सुकून कडेपासून सुटली असेल, तर वरून ओतलेलं पाणी फटीतूनच निघून जातं. मग कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवा. भिजलेली कुंडी दहा किलोच्या आसपास भरते, ती टांगायचा हुक त्याच्या दुप्पट वजन पेलणारा हवा. पहिला घोस धरला की दर आठवड्याला पोटॅश जास्त असलेलं द्रवखत, पाकिटावरच्या प्रमाणात.

मीठ आधीच घातलं असेल, तर कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू ओतून तळातून वाहू द्या. काळी फळं काढून टाका, ती सुधारत नाहीत. पाणी नियमित झालं की त्यानंतर धरलेल्या घोसांची बुडं बघत राहा.